मिंडेनची गोष्ट सांगता, तशी कॉर्नवॉलिसचीही सांगा

मुंबईच्या फोर्टात रविवारी सकाळी हेरिटेज वॉक नेणाऱ्या तमाम मित्रमैत्रिणींना,

स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात तुमच्यातल्याच एका गटाबरोबर नातीला घेऊन फिरलो. गटाचं नाव लिहीत नाही, कारण तक्रार एकट्या त्यांची नाही. त्याआधी आणखी दोघांबरोबर फिरलो होतो आणि लायन गेटसमोर तिन्ही वेळा एकच गोष्ट ऐकली. आत नौदलाची गोदी आहे, तिथे वाडिया मंडळींनी सागवानी जहाजं बांधली, त्यातलं एक 'मिंडेन', आणि त्या मिंडेनवर बसून फ्रान्सिस स्कॉट की याने अमेरिकेचं राष्ट्रगीत लिहिलं. लोक 'वा' म्हणतात, चारदोन जण गेटचा फोटो काढतात. माझी नातही हरखली.

गोष्ट छान आहे, फक्त खरी नाही. की त्या रात्री बॉल्टिमोरसमोर होता तो कैदी सोडवायला गेलेल्या एका अमेरिकी जहाजावर. मिंडेनचा त्याच्याशी संबंध नाही, हे इतिहासकार केव्हाचे सांगताहेत. मिंडेन १८४२ साली खरोखर कुठे होतं ते मात्र पक्कं माहीत आहे: हाँगकाँगच्या बंदरात, इंग्रज फौजेचं तरंगतं इस्पितळ म्हणून.

पण पत्र मिंडेनसाठी लिहीत नाही. त्याच गोदीतून १८१३ साली पाण्यात उतरलेल्या दुसऱ्या एका जहाजासाठी लिहितोय. 'कॉर्नवॉलिस', ७४ तोफांचं, जमशेटजी बमनजी वाडियांच्या देखरेखीखाली बांधलेलं. २९ ऑगस्ट १८४२ रोजी हे जहाज चीनमध्ये, यांगत्से नदीत, नानजिंग शहरासमोर नांगर टाकून उभं होतं. ते अ‍ॅडमिरल विल्यम पार्करचं निशाणाचं जहाज. त्याच्या केबिनमध्ये त्या दिवशी इंग्लंडच्या राणीच्या वतीने हेन्री पॉटिंजरने आणि चीनच्या बादशहाच्या वतीने छीयिंग आणि यीलीबू या दोन वरिष्ठ अधिकाऱ्यांनी तहावर सह्या-शिक्के केले. नानकिंगचा (म्हणजे नानजिंगचाच) तह. चीनमध्ये ज्यांना 'असमान तह' म्हणतात, त्यांतला हा पहिला. पुढच्या शंभर वर्षांत त्या देशाच्या गळ्यात अशा कागदांची माळच पडली.

म्हणजे ज्या फळ्यांवर उभं राहून तो कागद झाला, त्या फळ्या त्या गेटच्या आत रंधल्या गेल्या होत्या. याबद्दल तिन्ही वॉकमध्ये अवाक्षर नाही. पुढच्या थांब्यावर एक वाक्य मात्र आलं: "चीनशी चहा-रेशमाचा व्यापार करून मुंबईचे मोठमोठे दानशूर उभे राहिले." आणि सगळे इराण्याकडे चहाला वळले.

माझी ओळख करून द्यायची राहिली. चौतीस वर्षं मुंबई कस्टम्समध्ये काढली, अप्रेझर म्हणून निवृत्त झालो. आमचं काम काय? कागदावर माल काय लिहिलाय, पेटीत काय आहे, आणि त्याला दर कुठला. या तीन गोष्टी जुळल्या की शिक्का. नाही जुळल्या की माल मागवणाऱ्या पार्टीला बोलवायचं. त्या सवयीने मी तुमचं ते वाक्य ऐकलं आणि मनात म्हटलं, बिल ऑफ एन्ट्रीवर, म्हणजे मालाच्या जकातीच्या कागदावर, 'चहा-रेशीम' लिहिलंय, पेटी उघडा बघू.

पेटीत अफू आहे. आणि चहा-रेशीम तर चीनमधून यायचं. मुंबईहून जायचं काय, हे तुमच्या वाक्यात नाहीच. कापूस जायचा हे खरं, भरपूर जायचा. पण पैसा फुगला तो माळव्याच्या अफूवर. बंगाल-बिहारकडच्या अफूवर कंपनी सरकारचा मक्ता होता. माळव्यातली पिकायची शिंदे-होळकरांच्या आणि इतर संस्थानिकांच्या मुलुखात, तिथे कंपनीचा हात पोचत नव्हता. आधी तिने हा माल अडवून बघितला. व्यापाऱ्यांनी तो राजपुतान्यातून कराचीला आणि तिथून पोर्तुगीजांच्या दमणला नेला. शेवटी १८३० च्या सुमारास सरकारने शहाणपण केलं: अडवू नका, पास द्या. पेटीमागे १७५ रुपये भरा आणि मुंबई बंदरातून राजरोस न्या. पुढे १८४३ मध्ये सिंध घेतलं, कराचीची पळवाट बुजली, तेव्हा हाच दर पायरीपायरीने चढवत १८४७ पर्यंत ४०० रुपयांवर नेला. खात्यातला माणूस म्हणून सांगतो, पळवाट बंद झाली की दर चढतो, हे कुठल्याही सरकारच्या कुठल्याही खात्याला शिकवावं लागत नाही.

ही पेटी साधारण साठ किलोची. चीनमध्ये हा माल बंदीचा होता, अनेक दशकांपासून. म्हणून कंपनी स्वतःच्या जहाजातून एक तोळा नेत नसे. लिलाव करायचा, पास द्यायचा, पैसे मोजून घ्यायचे आणि चोरट्या वाहतुकीबद्दल हात वर करायचे. चीनच्या किनाऱ्यावर ग्राहकाच्या होड्या रात्री येऊन माल उतरवून नेत. १८३८-३९ च्या हंगामापर्यंत हे प्रमाण वर्षाला चाळीस हजार पेट्यांच्या आसपास गेलं होतं. मोबदल्यात चांदी बाहेर चालली. चीनमध्ये शेतकरी सारा भरायचा चांदीच्या हिशेबाने आणि कमवायचा तांब्याच्या नाण्यांत. चांदी महागली तशी त्याची पट्टी न वाढवता वाढली. पेकिंगच्या दरबाराला जाग आली ती नशेमुळे आली तितकीच या हिशेबामुळे.

बादशहा दाओग्वांगने लिन झेशू नावाचा कडक, निःस्पृह अधिकारी कँटनला पाठवला. मार्च १८३९ मध्ये लिनने परदेशी व्यापाऱ्यांच्या वखारींना वेढा घातला आणि सगळा साठा मागितला. इंग्रजांचा प्रतिनिधी चार्ल्स इलियट याने आपल्या व्यापाऱ्यांना सांगितलं, माल माझ्याकडे द्या, भरपाई राणीचं सरकार देईल. व्यापाऱ्यांना आणखी काय हवं? बाजार मंदीत, गिऱ्हाईक पळालेलं आणि खरेदीदार साक्षात राणी. वीस हजारांवर पेट्या जमा झाल्या. त्यात मुंबईच्या पेढ्यांचा मालही भरपूर होता.

लिनने तो जाळला असं सर्रास सांगतात. जाळला नाही. अफू जाळली तर राळ जमिनीत मुरते आणि लोक माती खरवडून नेतात. हुमेनच्या किनाऱ्यावर त्याने मोठे हौद खणून घेतले, पाणी भरलं, मीठ टाकलं, अफूचे गोळे फोडून टाकले, वर कळीचा चुना. चुना उकळू लागला की मजूर फावड्यांनी ढवळायचे, आणि ओहोटीला दार उघडून सगळं समुद्रात. ३ जून १८३९ पासून तीन आठवडे हे काम चाललं. आणि सुरू करण्याआधी लिनने समुद्रदेवतेची प्रार्थना लिहून क्षमा मागितली, की तुझ्या पाण्यात ही घाण सोडतोय, जलचरांना सांभाळ. जप्त माल नष्ट करण्याची कामं मीही केली आहेत, पंचनामे लिहिलेत. समुद्राची माफी मागितल्याचं आठवत नाही.

याच लिनने त्या वर्षी राणी व्हिक्टोरियाला पत्र लिहिलं. तुमच्या देशात हे विष चालू देत नाही असं ऐकतो, मग आमच्याकडे का पाठवता, अशा अर्थाचं. (त्याची माहिती चुकीची होती. इंग्लंडात अफूचा अर्क औषधवाल्याकडे सर्रास मिळायचा.) पत्राच्या प्रती कँटनमध्ये वाटल्या गेल्या, म्हणजे तेही एक खुलं पत्रच. उत्तर आलं नाही. आरमार आलं. एप्रिल १८४० मध्ये लंडनच्या पार्लमेंटात या युद्धावरून सरकारवर ठपका ठेवायचा ठराव आला होता, तो २७१ विरुद्ध २६२ मतांनी पडला. नऊ मतं.

युद्धाची हकिगत थोडक्यात सांगून टाकतो, कारण त्यात झुंज अशी फार ठिकाणी झालीच नाही. वाफेवर चालणाऱ्या लोखंडी बोटी, लांब पल्ल्याच्या तोफा आणि मद्रास-बंगालकडची देशी पलटणं एका बाजूला. दुसऱ्या बाजूला पिढ्यान्‌पिढ्या न लढलेल्या छावण्या आणि हरल्यावरही 'विजय मिळाला' असे अहवाल राजधानीला पाठवणारे अधिकारी. जुलै १८४२ मध्ये झेनजियांग पडलं. तिथे यांगत्से आणि उत्तरेला धान्य नेणारा महाकालवा एकमेकांना छेदतात. ते नाकं हातचं गेलं, म्हणजे पेकिंगच्या ताटातला भात अडला. त्यानंतर कॉर्नवॉलिस नानजिंगसमोर येऊन उभं राहिलं आणि तोफांची तोंडं तटाकडे वळली. बोलणी ती या वातावरणात झाली.

आता पॉटिंजर. इथे मला तुमच्याकडून, विशेषतः मराठीतून वॉक नेणाऱ्यांकडून, जास्त अपेक्षा होती. हा हेन्री पॉटिंजर आपल्याला परका नाही. तिसऱ्या इंग्रज-मराठा युद्धात तो होता. पेशवाई बुडाल्यावर एल्फिन्स्टनच्या हाताखाली नव्या मुलुखाची घडी बसवली गेली, तेव्हा तो अहमदनगरचा कलेक्टर झाला. पुढे कच्छ-सिंधमध्ये राहून तिथल्या अमीरांकडून एकामागून एक करार लिहून घेतले. म्हणजे नानजिंगला जो माणूस टेबलावर बसला, त्याने दुबळ्या झालेल्या दरबाराकडून कागद कसा करून घ्यायचा याची उमेदवारी आपल्या अंगणात केली होती. टाऊन हॉलमध्ये एल्फिन्स्टनच्या पुतळ्यासमोर तुम्ही दहा मिनिटं थांबता. त्यातलं अर्धं मिनिट पॉटिंजरला द्यायला हरकत नाही.

आपल्याकडे म्हणतात, युद्धात कमावलं ते तहात गमावलं. चीनने युद्धातही गमावलं होतं, पण जे तहात गेलं ते युद्धात गेलेल्याच्या कितीतरी पट होतं. वसईचा तह शाळेत सगळ्यांनी घोकलेला असतो. ३१ डिसेंबर १८०२, बाजीराव, तैनाती फौज, २६ लाखांचा मुलूख. तिथे फौज दारात आणून बसवली. चीनमध्ये फौज परत गेली आणि कागद मागे राहिला. मला विचाराल तर दुसरा प्रकार जास्त धूर्त.

तहाची तेरा कलमं आहेत. अफू हा शब्द त्यात एकदाच येतो, चौथ्या कलमात. अफू बंद करायची की चालू ठेवायची यावर एक अक्षर नाही. मग शब्द येतो कशाला? भरपाईसाठी. इंग्रज अधिकाऱ्याच्या आणि रयतेच्या जिवाची खंडणी म्हणून जी अफू १८३९ मध्ये दिली गेली, तिची किंमत साठ लाख डॉलर, ती बादशहाने द्यावी. जप्त केलेला चोरटा माल. ज्याने जप्त केला त्यानेच त्याची किंमत मोजायची, आणि जप्तीला नाव खंडणीचं! चोर तो चोर वर शिरजोर म्हणतात ते याला. याशिवाय चिनी व्यापाऱ्यांच्या थकलेल्या देण्यांचे तीस लाख. आणि युद्धाचा खर्च, म्हणजे ज्याला मारलं त्यानेच काठीचे पैसे द्यायचे, असे एक कोटी वीस लाख. एकूण दोन कोटी दहा लाख चांदीचे डॉलर, हप्त्यांनी. हप्ते फिटेपर्यंत झोऊशान आणि गुलांगयू ही बेटं गहाण.

हाँगकाँग कायमचं गेलं तिसऱ्या कलमात, आणि सगळ्यांना तेवढंच आठवतं. दुसऱ्या कलमाने पाच बंदरं उघडली: कँटन, अमॉय, फूचौ, निंगपो आणि शांघाय. पाचव्याने कँटनच्या ठरावीक व्यापारी पेढ्यांची मक्तेदारी मोडली. ते सगळं ठीक. माझं बोट थांबतं ते दहाव्या कलमावर. त्यात म्हटलंय की या बंदरांत आयात-निर्यातीच्या जकातीचा 'न्याय्य आणि नियमित' तक्ता जाहीर केला जाईल. वाचायला किती निरुपद्रवी! खात्यात असा मसुदा टेबलावर आला असता तर मीही डोळे झाकून सही केली असती.

पण तक्ता एकदा तहाच्या पोटात गेला की तो चीनचा राहत नाही. १८४३ मध्ये दर ठरले, साधारण शंभराला पाच या हिशेबाने. ते बदलायचे तर इंग्लंडची संमती हवी. बहुतेक दर मालाच्या वजनावर किंवा नगावर चांदीत लिहिलेले होते. वर्षं गेली, मालाच्या किमती चढल्या, दर जागच्या जागी. कागदावर शंभराला पाच, हातात त्याहून कमी. एखाद्या देशाने आपल्या कारागिराला सांभाळायचं असेल तर त्याच्याकडे पहिलं हत्यार जकातीचं असतं. ते १८४३ पासून जवळजवळ १९३० पर्यंत चीनच्या हातात नव्हतं. हाँगकाँग हे एक बेट होतं. ही सगळ्या देशाची वेस होती. आपल्याकडे १८९६ मध्ये लँकेशायरच्या कापडावर साडेतीन टक्के जकात बसवली आणि मापात माप म्हणून मुंबईच्या गिरण्यांच्या कापडावरही साडेतीन टक्के अबकारी लावली, तेव्हा केवढा गहजब झाला होता! पण आपण उघड गुलाम होतो. चीन कागदोपत्री स्वतंत्र होता.

ऑक्टोबर १८४३ मध्ये पुरवणी तह झाला, आणि तो झाला हुमेनलाच, जिथे लिनने हौद खणले होते. लिन तोवर हद्दपार होऊन पार पश्चिमेला ईलीच्या वाटेने गेलेला. या पुरवणीत एक वाक्य घुसलं: बादशहा दुसऱ्या कुठल्याही देशाला जी सवलत देईल ती आपोआप इंग्रजांनाही लागू. पुढे सगळ्यांनीच हे कलम मागितलं. १८४४ मध्ये अमेरिका, त्याच वर्षी फ्रान्स. १८४७ मध्ये स्वीडन-नॉर्वे, ज्यांनी चीनवर एक गोळी झाडली नव्हती. आयत्या बिळात नागोबा! एकाने बंदूक रोखून काही मिळवलं की बाकीचे ताट घेऊन रांगेत.

त्याच्या जोडीला न्यायाची गोष्ट. इंग्रजाने शांघायमध्ये चिन्याचा खून केला तरी खटला इंग्रज वकिलातीपुढे, इंग्रजी कायद्याने. आणि इंग्रज रयत म्हणजे आपले मुंबईकर व्यापारीही बरं का. इथल्या कोर्टात जो 'नेटिव्ह', तो तिथे उतरला की चिनी कायद्याच्या वर. हे कोणी कधी वॉकमध्ये सांगितलेलं ऐकलं नाही, आणि मला तर ते फार विचार करायला लावतं. चिनी अधिकाऱ्यांनी हे कलम फारशी खळखळ न करता दिलं, हेही खरं. या लोकांची भांडणं यांचीच यांना निस्तरू दे, आपल्या डोक्याला ताप नको, असा जुना रिवाज होता. परक्या व्यापाऱ्यांच्या वस्तीला आपापला मुखिया नेमू द्यायचा, ही रीत तिथे शतकानुशतकांची. फरक एवढाच की आधी तो मुखिया दरबाराला भिऊन असे.

अफूचं काय झालं, ते सांगितल्याशिवाय माझ्यातला अप्रेझर गप्प बसणार नाही. दुसरं युद्ध झालं, १८५८ मध्ये तिएनत्सिनचा तह झाला, आणि त्याच्या पाठोपाठ नोव्हेंबरात शांघायला जकातीचा नवा तक्ता बसला. त्यात अफू आहे. पेटीभर वजनाला तीस ताएल (चांदी मोजायचं चिनी वजन) चांदी. बंदीचा माल एका ओळीने कायदेशीर झाला. आणि चिनी तक्त्यात तिचं वर्णन काय? 'यांग याओ'. म्हणजे परदेशी औषध. आयुष्यभर मालाची वर्गवारी करत आलो, खोटी वर्णनं पकडण्यात हयात गेली. इतकं देखणं खोटं वर्णन आणि तेही दोन सरकारांच्या संमतीने, दुसरं पाहिलं नाही.

त्याच तहाच्या एक्कावन्नाव्या कलमात, चिनी सरकारने आपल्या कागदपत्रांत इंग्रजांसाठी 'यी', म्हणजे रानटी अशा अर्थाचं अक्षर वापरू नये, अशी अट आहे. दोन वर्षांनी, ऑक्टोबर १८६० मध्ये, बादशहाचे उन्हाळी महाल, जे आधीच लुटले गेले होते, ते इंग्रजांचा वकील लॉर्ड एल्गिनच्या हुकमाने पेटवले गेले. शब्दावर आक्षेप होता तो.

आणखी एक बारीक गोष्ट, बाकी कुणाला नाही तर माझ्या जुन्या सहकाऱ्यांना तरी आवडेल. परदेशी मालाने बंदरात जकात भरली आणि वर अडीच टक्के देऊन पास घेतला की आतल्या कुठल्याही नाक्यावर त्याला हात लावायचा नाही. चिनी व्यापाऱ्याचा माल मात्र १८५० नंतर उभ्या राहिलेल्या 'लीजिन'च्या, म्हणजे देशांतर्गत जकातीच्या, प्रत्येक नाक्यावर पट्टी भरत जाणार. स्वतःच्या देशात स्वतःचा माल महाग. मग चिनी व्यापारी काय करणार? परदेशी पेढीचं नाव भाड्याने घेऊन तिच्या पासावर माल नेऊ लागले. चीनचं कस्टम्स खातं तोवर परदेशी अधिकारीच चालवत होते. रॉबर्ट हार्ट नावाचा आयरिश माणूस १८६३ पासून जवळजवळ अर्धं शतक त्याचा प्रमुख. खातं त्याने चोख चालवलं, हे मान्य करायला हवं. हिशेब स्वच्छ, दीपगृहं बांधली, टपालखात्याचा पाया घातला. पण चोख वसुली झालेला पैसा दंडाच्या आणि कर्जाच्या हप्त्यांत जायचा. गडी इमानी, पण राबणं सावकाराच्या हिताचं.

पुढचं भराभर सांगतो. रशियाने १८५८ आणि १८६० च्या करारांत आमूर-उसुरीकडचा प्रचंड प्रदेश एकही लढाई न करता घेतला, व्लादिवोस्तोक तिथलंच. जपान हे सगळं बघून शिकलं आणि १८९५ मध्ये शिमोनोसेकीला तैवान आणि वीस कोटी ताएल घेऊन गेलं. १८९८ मध्ये जर्मनी, रशिया, फ्रान्स, इंग्लंड, सगळ्यांनी किनाऱ्यावरचा एकेक तुकडा भाडेपट्ट्याने तोडला. १९०१ मध्ये परदेशी लोकांविरुद्ध उठलेल्या बॉक्सर बंडाचा दंड पंचेचाळीस कोटी ताएल: डोईमागे एक ताएल, असा हिशेब लावून, ३९ वर्षांच्या हप्त्यांनी, चार टक्के व्याजाने.

यात चीनच्या दरबाराची बाजू फार गोंडस करून सांगू नका, ही विनंती. खोटे अहवाल, पोकळ फौज, लाचखाऊ किनारपट्टी, आणि मधल्या काळात ताइपिंग बंडात कोट्यवधी माणसं मेली, त्याचं खापर नुसतं इंग्रजांवर फोडता येत नाही. अफू गावोगाव पोचवणारे चिनीच होते. आपल्या बाजूलाही हेच. या धंद्याची गोष्ट सांगताना एकट्या पारशांकडे बोट दाखवलं जातं, ते चूक आहे. जमशेटजी जीजीभॉय सगळ्यांत मोठे, हे खरंच. पण त्यांच्या भागीदारांत मोतीचंद अमीचंद जैन, महंमद अली रोघे कोकणी मुसलमान आणि रोजेरिओ द फारिया गोव्याचे ख्रिस्ती. एका पेढीत इतकी मुंबई क्वचितच सापडेल. माळव्यात ती पिकवून घेणारे दरबार तर आपलेच.

जीजीभॉयांना 'सर' ही पदवी मिळाली ती १८४२ मध्ये, नानकिंगच्याच वर्षी. जानेवारी १८४३ मध्ये जे. जे. रुग्णालयाची कोनशिला बसली. माझा जन्म त्या रुग्णालयातला. आईला बाळंतपणात अवघड झालं होतं, तिथल्या डॉक्टरांनी दोघांना वाचवलं. तेव्हा त्या दानाला नावं ठेवायचा मला तरी अधिकार नाही, आणि इच्छाही नाही. माहीमचा कॉजवे, जे. जे. स्कूल ऑफ आर्ट, सगळं सांगा, अभिमानाने सांगा. फक्त पैसा कशाचा, हे विचारणारे त्या काळातही होते, तेही सांगा. दादाभाई नवरोजी कामा पेढीच्या लंडनच्या कचेरीत भागीदार होते. अफूच्या नफ्यात वाटा नको म्हणून बाहेर पडले आणि पुढे या व्यापारावर उघड कठोर लिहिलं. माणूस पारशी, धंदा घरचा, आणि तरी.

तेव्हा मागणी फार नाही. लायन गेटसमोर मिंडेनच्या राष्ट्रगीताला जी दोन मिनिटं देता, ती कॉर्नवॉलिसला द्या. बंगाल व्हॉलंटिअर्समधल्या कॅप्टन जॉन प्लाटने त्या सहीच्या प्रसंगाचं चित्र काढलं होतं. त्याचं कोरीव छापील चित्र सहज मिळतं, फोनवर दाखवा. केबिनमध्ये दाटीवाटीने गणवेशातले गोरे अधिकारी, मधोमध टेबल, आणि त्या गर्दीत मोजकेच चिनी. लोकांना सांगा की भिंतींचं लाकूड बघा, ते इथलं आहे. 'चीनशी व्यापार' म्हणायचंच असेल तर त्याआधी 'अफूचा' हा तीन अक्षरांचा शब्द जोडा. आणि कुणी विचारलं, तहात होतं काय, तर हाँगकाँगवर थांबू नका. दहावं कलम सांगा. समजावून सांगायला कठीण वाटलं तर मला बोलवा, फुकट येईन.

नातीने परतताना गाडीत विचारलं होतं, "आजोबा, मग ते जहाज आता कुठे आहे?" मला तेव्हा माहीत नव्हतं. घरी येऊन शोधलं. मिंडेन १८६१ मध्ये हाँगकाँगलाच मोडीत विकलं गेलं. तिथे कौलूनमध्ये त्याच्या नावाची गल्ली अजून आहे. कॉर्नवॉलिसला पुढे वाफेचं इंजिन बसवलं, आणि म्हातारपणी इंग्लंडात शीअरनेसच्या गोदीत त्याचा धक्का केला. बाकीच्या जहाजांवर जायला लोक त्याच्यावरून चालत जायचे. ते तोडलं गेलं १९५७ साली. म्हणजे हाँगकाँग चीनकडे परत जाण्याच्या चाळीस वर्षं आधीपर्यंत ते सागवान टिकून होतं.

येत्या रविवारी पुन्हा येतोय. दोघांची नावं नोंदवली आहेत.

आपला,
एक निवृत्त अप्रेझर, डोंबिवली